साचा ठरेपर्यंत

अमेरिकेत येऊन राहिलेल्या तमाम मराठी माणसांत, एखादी वस्तू विकत न घेण्यासाठी ईडन प्रेरीच्या आमच्या काकांनी जेवढे कष्ट उपसले तेवढे दुसऱ्या कोणी उपसले नसतील, हे मी छातीठोकपणे सांगते. विकत न घेणारी माणसं एक तर कंजूष असतात, नाहीतर विरक्त असतात, नाहीतर माझ्यासारखी या देशातल्या खरेदीच्या वेडाविरुद्ध पत्रकं वाटत हिंडणारी असतात. काका यांतले कोणीच नव्हते. त्यांना वस्तू मनापासून हवी असायची, खिशात चेकबुक असायचं, दुकान उघडं असायचं, दुकानदार हात चोळत समोर उभा असायचा, आणि तरीही काका रिकाम्या हातांनी घरी यायचे. कारण काय, तर त्याच वस्तूचा आणखी एक प्रकार पलीकडच्या गावात मिळतो असं त्यांच्या कानावर आलेलं असायचं. तो न बघता हा घेणं म्हणजे त्यांच्या लेखी बेजबाबदारपणा होता.

काका माझ्या वडिलांचे कॉलेजातले मित्र. मी जवळच मिनियापोलिसला शिकायला आले तेव्हा वडिलांनी त्यांचा पत्ता दिला, आणि पुढे बहुतेक शनिवारी मी कपड्यांची पिशवी आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. कपडे धुवायला आणि वरणभात खायला. आमचा विद्यार्थ्यांचा एक गट होता, अण्वस्त्रांपासून बंदुकांपर्यंत सगळ्या हत्यारांच्या विरोधातला, आणि त्याची पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. काका दार उघडतानाच म्हणायचे, "या पुढारीणबाई! आज कोणाचा निषेध?" मग ते पत्रक घेऊन खरोखर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. आमचं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा सबंध मिनेसोटात तो एकच माणूस असावा. वाचून झाल्यावर म्हणायचे, "मुद्दा बरोबर आहे. पण दुसऱ्या बाजूचं पत्रक आणलं नाहीस का? दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवीत." अशा माणसाशी भांडावं तरी कसं?

त्यांच्या निवडीच्या कथा तिथल्या मराठी मंडळींत जेवणं झाल्यावर सांगितल्या जायच्या. या देशातल्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना बर्फ ओढायचं फावडं हवं होतं. दांडा लाकडी असावा की धातूचा, यावर विचार चालू राहिला आणि बर्फ पडत राहिला. त्या सबंध हिवाळ्यात काकांनी दारातला बर्फ कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाने काढला. फावडं आलं ते ट्यूलिप उगवल्यावर. गाडीची निवड इतकी लांबली की गाड्या दाखवणारा सेल्समन कंटाळून नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेला, आणि काका त्याच्या मागोमाग तिकडच्या गाड्या बघायला गेले. हॉटेलात गेले की मेन्यू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे, वेट्रेसला प्रत्येक पदार्थाची चौकशी करायचे, आणि शेवटी चीज सँडविच मागवायचे. ते अंडंसुद्धा न खाणारे शाकाहारी होते आणि त्या मेन्यूत त्यांना चालणारा तेवढा एकच पदार्थ असायचा, हे त्यांना आत शिरतानाच ठाऊक असायचं. "असेना," ते म्हणायचे, "पण काय काय नाकारलं ते तरी कळायला नको?"

या सगळ्याला शेवट असायचा तो काकूंमुळे. काका दोन वस्तू दोन हातांत तोलत उभे राहिले की काकू थोडा वेळ बघायच्या, मग म्हणायच्या, "तुमचं चालू द्या, मी पैसे भरून येते," आणि त्यांतली कुठलीही एक उचलून चालू लागायच्या. ती हमखास चांगली निघायची. काकांच्या घरात जे जे काही होतं, पडद्यांपासून मिक्सरपर्यंत, ते काकूंनी असं काकांचा विचार मधेच तोडून आणलेलं होतं. खुद्द काकूंची निवड मात्र काकांनी चहा निवायच्या आत केली होती. मी एकदा विचारलं, "काका, तेव्हा नाही दुसरी मुलगी बघावीशी वाटली?" ते लाजले. "अगं, तिने मला विचारलं, तुम्हाला साखर कमी लागते का. मी म्हटलं, ठरवलं नाही अजून. ती जी हसली ना... मग पुढचं सगळं माझ्या हातात राहिलंच नाही."

काकू गेल्या. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता, आणि यात काकांच्या स्वभावाचा काही दोष नव्हता. तरी डॉक्टरांनी दोन उपचार सांगितले तेव्हा काका पटकन एकावर बोट ठेवून 'हा' म्हणाले, हे मी ऐकलं आहे. तो उपयोगी पडला नाही.

मग त्या घरात काका आणि नीता उरले. नीता त्यांची एकुलती एक, इथेच जन्मलेली, हायस्कुलातली. काका मराठीत विचारायचे आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आधी या दोन काठांमध्ये काकू असायच्या, म्हणून ते बोलणं वाटायचं. त्या गेल्यावर नुसते प्रश्न आणि नुसती उत्तरं राहिली. "जेवलीस?" "येस." "शाळा कशी आहे?" "फाइन." "काही हवंय?" "नोप." ती ताट घेऊन वर जायची आणि काका खाली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चार खुर्च्यांमध्ये एकटे बसायचे. मला राग यायचा. कोणाचा ते कळायचं नाही, पण यायचा.

आणि मग एका शनिवारी मी गेले तर त्याच टेबलावर बंदुकीच्या गोळ्यांच्या साच्यांचे कॅटलॉग पसरलेले!

झालं होतं ते असं. शेजारी रॉन नावाचा एक धिप्पाड, मवाळ माणूस राहायचा. त्याची मुलगी क्रिस्टी ही नीताची जिवलग मैत्रीण. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की ते कुटुंब रानात जायचं. नीताला त्यांच्याबरोबर जायचं होतं. बंदूक रॉनची, आणि ठेवलेलीही त्याच्याच घरी असणार होती. बंदूक सुरक्षितपणे हाताळायचा सरकारी वर्गही तिने क्रिस्टीबरोबर पुरा केला होता. आमच्या त्या भागात हरणांवर रायफल चालवायला बंदी आहे, शॉटगन चालते, आणि तिच्या काडतुसात छऱ्यांऐवजी शिशाची एकच जाड गोळी घालतात. तिला स्लग म्हणतात. नीताला हवी होती या स्लगची एक पेटी. कुठल्याही खेळसामानाच्या दुकानात मिळते.

"काही हवंय?" या प्रश्नाला कित्येक महिन्यांनी 'नोप'खेरीज उत्तर आलं होतं. काका ते सोडणार होते थोडेच? पण विकतचं? ज्या घरात दही विरजणापासून आणि चकली भाजणीपासून व्हायची, त्या घरात गोळ्या विकतच्या? "विकत कशाला?" काका म्हणाले. "शिसं वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. घरी होतंय की!" रॉन म्हणाला, काडतुसं भरायचं यंत्र माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त साचा आणा. आणि नीता म्हणाली, "कूल." काकांनी मला हे सांगितलं तेव्हा तो शब्द असा उच्चारला, जसा काही पोरीने त्यांना हार घातला होता.

मी आल्या पावली भांडले. बंदूक ही वस्तू माणसाच्या हातात असू नये, हे माझं मत तेव्हा होतं आणि आज आहे. "काका, तुम्ही मुंगी मारत नाही, आणि गोळ्या ओतणार?"

"मी फक्त शिशाचा विचार करतोय. हरणाचा विचार नीता करेल."

"आणि हरीण मिळालं तर खाणार कोण?"

"ते पुढचं पुढे. आधी साचा."

"शिशाची वाफ विषारी असते, माहिती आहे? आम्ही पत्रक काढलंय त्यावर!"

"म्हणून तर गॅरेजचं दार उघडं ठेवणार. वाचलंय मी ते पत्रक. छान होतं." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे एक चित्र सरकवलं. "बरं, हे बघ. ही गोळी आतून पोकळ, टोपणासारखी. ही भरीव, पण अंगावर तिरक्या रेघा. तुला कुठली बरी वाटते?"

"कुठलीच नाही!" मी ओरडले. जिन्यात नीता फिस्सकन हसली. त्या घरात मी काकूंनंतर ऐकलेलं ते पहिलं हसू.

तिथून पुढे शनिवारची दुपार साच्याची झाली. काका सगळ्या कंपन्यांना लिहून कॅटलॉग मागवायचे आणि ते काकूंच्या खुर्चीवर रचून ठेवायचे. दोघं समोरासमोर बसायचे. साचा लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमचा? लोखंडाला गंज चढतो, अ‍ॅल्युमिनियम लवकर झिजतं. एका वेळी एक गोळी पाडणारा की दोन? पोकळ गोळीच्या साच्यात मधे एक खुंटी असते, ती अडकली तर? काकांनी पोरीला समजावायला मोदकाचा साचा काढला. साच्याला आधी तूप लावलं नाही तर कळी कशी तुटते, ते दाखवलं. आपली आई साच्याशिवाय मोदक करायची आणि साच्याला हसायची, हे सांगितलं. नीताने आजीबद्दल विचारलं. मराठीत विचारलं! "शी वॉज स्ट्रिक्ट का?" एवढंच, पण त्यात शेवटी 'का' होता.

आणि ती नुसती बसायची नाही. टायरवाल्याकडे जाऊन ती चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजनं मागून आणायची, गॅरेजच्या पायरीवर बसून त्यांचा चिखल खरवडायची, त्यांच्या लोखंडी पकडी काढायची आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवायची. हात काळे होईपर्यंत. मी तिला हातमोजे घालायला लावले, आमचं पत्रकही दिलं. ते तिने डब्याखाली अंथरलं.

पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर आला तेव्हा साचा ठरला नव्हता. काका म्हणाले, घाईत घेतलेला साचा जन्मभर छळतो. मला वाटलं, आता पोरगी आदळआपट करणार. पण ती रॉनबरोबर रिकाम्या हातांनी नुसती बघायला गेली. क्रिस्टीने आपल्यातल्या गोळ्या देऊ केल्या, तर म्हणाली, "नो, नेक्स्ट इयर. वुई आर मेकिंग अवर ओन." काकांनी हे वाक्य रॉनकडून ऐकलं आणि मला फोन करून सांगितलं. "वुई म्हणाली," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "आय नाही. वुई."

दुसरं वर्ष तसंच गेलं. म्हणजे तसंच, पण जरा निराळं. नीता आता साच्यांबद्दल काकांपेक्षा पक्कं बोलू लागली होती. तिची निवड झालेली होती. लोखंडी, एकाच गोळीचा, पोकळ. "बाबा, धिस वन," असं म्हणून तिने त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. पुढच्या शनिवारी काका दुसऱ्या कंपनीचं पान उघडून बसले. तिने तेही ऐकून घेतलं. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरं. "जस्ट पिक वन, बाबा," ती म्हणायची. आधी हसून म्हणायची. उन्हाळा संपता संपता नुसतं म्हणायची. ती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, पुढल्या वर्षी कॉलेजसाठी बाहेर पडणार होती. ईडन प्रेरीच्या घरातून निघण्याचा हाच तिचा शेवटचा हंगाम होता आणि काकांना ते कॅलेंडर दिसत नव्हतं असं नाही.

एकदा ती वर गेल्यावर मी सरळ विचारलं. मला सरळच विचारता येतं. "काका, तुम्हाला साचा घ्यायचाच नाहीये ना? शिकारीला जाऊ द्यायचं नसेल तर तिला तोंडावर नाही म्हणा. मला आवडेल ते."

काकांनी जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "नाही कशाला म्हणू? जाऊ दे की. तिच्या आईने जाऊ दिलं असतं."

"मग?"

"अगं, साचा ठरला की एका शनिवारी ओतून होईल सगळं. मग?" त्यांनी कॅटलॉगची कड बोटांनी सरळ केली. "मग ती जेवलीस का म्हटलं की येस म्हणेल आणि वर जाईल. तू बघितलंयस ते घर. साचा ठरेपर्यंत ती इथे बसते."

 असल्या मुद्द्यावर पत्रक काढता येत नाही.

हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. नीताच्या शाळेला आणि माझ्या कॉलेजलाही काही कारणाने सुट्टी होती म्हणून मी गुरुवारी रात्रीच राहायला आले होते. दुपारी नीता रॉनच्या गाडीतून उतरली. हातात छोटी पेटी होती. ती टेबलाशी आली, बसली नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, इट्स ओके. आय गॉट अ बॉक्स."

काकांनी पेटी उघडली, एक काडतूस काढलं, चष्मा वर करून न्याहाळलं. "चांगली आहेत," ते म्हणाले. "सफाईदार आहेत." मग घाईघाईने एक कॅटलॉग ओढला. "पण नीता, कालच एक बघितला मी, खुंटी सुटी होणारा. तू बस, दाखवतो—"

"लेटर, ओके?" तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. अगदी हलका. मग पेटी घेऊन रॉनकडे गेली.

दुसऱ्या दिवशी अंधारातच ते लोक निघाले आणि दिवेलागणीला परतले. मी आणि काका स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. काकांनी सकाळपासून आमटी दोनदा गरम केली होती. रॉनच्या दारात दिवा लागला. केशरी जाकिटातली नीता हातवारे करत काहीतरी सांगत होती, वाकून, दबा धरून, मग एकदम उभी राहून. सगळे हसत होते. खिडकी बंद होती, आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही. हरीण मिळालं होतं की हुकलं होतं तेही कळत नव्हतं. काका काचेला नाक लावून उभे होते आणि ती हसली की इकडे आपले हसत होते.

ती घरात आली. गालांवर थंडीचा लाल रंग चढला होता.

"कसं झालं गं?" काका म्हणाले.

"इट वॉज गुड."

"म्हणजे हरीण...?"

"नो. मिस्ड." आणि ती वर गेली.

सोमवारी काकांनी साचा मागवला. कोणाला न विचारता, कुठलंही पान शेजारी न ठेवता, दुमडलेल्या कोपऱ्याचा तोच. माझ्या माहितीत, काकूंनंतर त्यांनी स्वतः काही घेतलं ते हेच. नाताळाच्या सुमाराला खोकं आलं. त्यांनी ते टेबलावर मधोमध मांडलं आणि जिन्याखाली उभं राहून हाक मारली, "नीता, साचा आलाय!" वरून उत्तर आलं, "ग्रेट, बाबा." तिचे कॉलेजचे अर्ज चालू होते. थोड्या वेळाने ती खाली आली, तो लोखंडी ठोकळा तिने उघडला, मिटला, "नाइस" म्हणाली आणि फोन वाजला म्हणून धावली. तो फोन तिचाच होता. त्या दिवसांत सगळेच फोन तिचे असायचे.

आता ती शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याच्याही पलीकडे शिकते. रविवारी फोनचे दर उतरतात, तेव्हा काका तिला फोन करतात. त्याआधी सकाळभर विषय जमवतात. परवाच्या रविवारी मी तिथेच होते. जेवण, हवा, परीक्षा हे सगळं पहिल्या दमातच संपलं. मग काका एकदम म्हणाले, "अगं, तो साचा आहे ना, मला जरा बरोबर नाही वाटत. बिजागरीत फट आहे. दुसरा बघावा म्हणतोय. तुला काय वाटतं?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काका "हो, हो, तसंच करतो," म्हणाले. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "म्हणाली, परत पाठवून टाका. एका वाक्यात निकाल! आईवर गेलीय." ते हसले, पण हात फोनवरच होता.

मी काय केलं, तर काकूंच्या खुर्चीवरचा एक कॅटलॉग उचलला. हत्यारांच्या विरोधात माझं एक अक्षरही मागे घ्यायची माझी तयारी नाही. पण तो उचलला, नीताच्या जागेवर बसले आणि म्हटलं, "काका, मग कुठला बघायचा? एका गोळीचा की दोन?"

ते समोर बसले. चष्मा लावला, पान उघडलं, दोन साच्यांच्या चित्रांवर बोट ठेवलं. बोट एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर फिरलं. शेवटी त्यांनी हळूच तो कॅटलॉग मिटला आणि माझ्या हातावर थोपटलं.

"नको गं," काका म्हणाले. "तुला साचा नकोय. तू माझ्यासाठी बसलीयस." मग खिडकीबाहेर बघत, जणू दोन वर्षं तोलून आत्ता कुठे त्यांचा एक निर्णय झाला होता, ते म्हणाले, "तिला खरंच हवा होता."